हमाली, लोडिंग, सिलेंडरची कामं करणाऱ्यांनी क्रिएटिन घ्यावं का, आणि घ्यायचं तर कसं

वाशीच्या मार्केटात हल्ली टोळीतली तरणी पोरं काम सुटलं की जिमला जातात, आणि जिममधली क्रिएटिन नावाची ताकदीची पावडर हळूहळू त्यांच्या डब्याच्या पिशवीत येऊन बसते. मग टोळीतली मोठी माणसं विचारतात, अरे हे स्टेरॉइड आहे का, किडनी जाते म्हणतात यानं. तर आधी तेवढं उरकून घेऊ. स्टेरॉइड नाही, त्याच्याशी लांबचंही नातं नाही. आपलं शरीर स्वतःच रोज साधारण १ ग्रॅम क्रिएटिन बनवतं, लिव्हर आणि किडनीत, आणि मटण-मासळी खाणाऱ्याला थोडं ताटातून मिळतं. १८३२ साली शेव्ह्रल नावाच्या फ्रेंच केमिस्टनं ते मांसात शोधलं, म्हणजे जिम-बिम नव्हत्या तेव्हापासून माहीत असलेली वस्तू आहे. खेळाडूंवरच्या उत्तेजकांच्या बंदीच्या यादीतही ते नाही.

पण चांगलं आहे म्हणून सगळ्यांनी घ्यावं असंही नाही, आणि माझं मत विचाराल तर कष्टकऱ्याच्या यादीत ते पाणी, जेवण आणि झोप यांच्या नंतर चौथ्या नंबरावर येतं.

१. आधी बघा, तुमच्या कामाला ते लागू पडतं का

पन्नास किलोची गोणी जमिनीवरून उचलून खांद्यावर घेताना जो झटका लागतो ना, त्याची ताकद स्नायूंत तयार असलेल्या एटीपीतून (पेशींचं इंधनच म्हणा) येते आणि ती दोन-तीन सेकंदांत संपते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हावा तसं तिथे फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे स्नायूंत साठवलेलं क्रिएटिन, पुढे येतं आणि पुढचे आठ-दहा सेकंद निभावून नेतं. गोणी थप्पीला लावून तुम्ही परत गाडीकडे चालत येता तेवढ्यात तो साठा पुन्हा भरायला लागतो. पावडर घेतल्यानं हा साठा थोडा मोठा होतो, बस, एवढंच तिचं काम.

म्हणजे उचला, ठेवा, दम घ्या, परत उचला, अशा कामात फायदा आहे. ट्रक खाली करणं, भरलेला सिलेंडर (तीस किलोच्या आसपास भरतो तो) चौथ्या मजल्यावर चढवणं, वीस लिटरचे जार, स्लॅबच्या दिवशीची घमेली. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनंही दावा मान्य केलाय तो एवढाच, की रोज ३ ग्रॅम घेतलं तर थोड्या वेळाच्या, जोराच्या, पुन्हा पुन्हा करायच्या मेहनतीत कामगिरी सुधारते. दिवसभर बाइकवर पार्सल वाटणं, खुरपणी, आठ तास उभं राहून वॉचमनकी, यात विशेष काही मिळणार नाही. कंबरदुखीवर तर अजिबात नाही, हे पेनकिलर नाही, ओझं चुकीचं उचलत असाल तर चुकीचंच उचलत राहाल, फक्त जरा जास्त जोरानं.

आणि एक, बहुतेक अभ्यास खेळाडूंवर आणि व्यायाम करणाऱ्यांवर झालेत, त्यांना ओझं उचलायचे पैसे मिळत नाहीत आणि ते दमले की घरी जातात. त्यामुळे जिमवाल्यानं सांगितलेला आकडा हमालीला जसाच्या तसा लावू नका.

२. कोणकोणी हातच लावू नये

किडनीचा आजार असेल, एकच किडनी असेल, किंवा डॉक्टरांनी कधी "क्रिएटिनिन वाढलंय" म्हटलं असेल (क्रिएटिन नव्हे, क्रिएटिनिन, किडनीच्या तपासणीत रक्तात मोजतात ते), तर नाही. अठराच्या आतली पोरं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, नाही. शुगर किंवा बीपी असेल तर आधी डॉक्टर, मग दुकान. खरं तर पस्तिशीच्या पुढच्या प्रत्येकानं सुरू करायच्या आधी रक्ताची एक साधी तपासणी करून घ्यावी, कारण आपल्याकडे अनेकांना शुगर असते आणि पत्ताच नसतो.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही ती गोष्ट म्हणजे गोळ्या. अंग दुखलं की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घ्यायची, वर पाणी कमी, वर ऊन, हे रोजचं चालू असेल तर किडनीला खरा धोका तिथे आहे. असा माणूस मला विचारतो क्रिएटिन घेऊ का, तर मी म्हणेन आधी त्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोल.

ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी तर हे जास्तच. मध्य अमेरिकेत, एल साल्वादोर आणि निकाराग्वात, ऊस तोडणाऱ्या धडधाकट तरण्या माणसांच्या किडन्या निकामी झाल्यात, शुगर नाही बीपी नाही तरी, आणि उन्हात सतत पाणी कमी पडत राबणं हे त्यातलं मोठं कारण समजलं जातं. त्याचा क्रिएटिनशी संबंध नाही, पण बीडहून कारखान्यावर आलेला जो माणूस पहाटे फडात उतरतो आणि डोक्यावर मोळ्या वाहतो, त्याला पावडरीच्या आधी पाण्याचा कॅन आणि सावली पाहिजे.

३. विकत घेताना

साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घ्या. एचसीएल, इथाइल एस्टर, बफर्ड अशी महागडी नावं येतात, दुकानदार सांगतो हे पाणी धरत नाही, हे लवकर लागतं, पण मोनोहायड्रेटपेक्षा सरस असं त्यातलं काही ठरलेलं नाही, आणि इथाइल एस्टर तर पोटातच बरंचसं वाया जातं. मायक्रोनाइज्ड म्हणजे फक्त बारीक दळलेलं, ते चालेल.

डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा. घटकांत एकच नाव असायला हवं. त्यात कॅफीन, "प्रोप्रायटरी ब्लेंड" (कशाचं किती ते न सांगितलेलं मिश्रण), साखर असलं काही दिसलं तर तो डबा प्री-वर्कआउट (व्यायामाआधी तरतरीसाठी घेतात ते) नाहीतर मास गेनर (वजन वाढवायची पावडर) आहे, तो आपल्याला नको. एफएसएसएआयचा (सरकारच्या अन्नसुरक्षा संस्थेचा) चौदा आकडी लायसन्स नंबर असतो, तो फूड सेफ्टी कनेक्ट अ‍ॅपवर टाकून बघता येतो. बॅच नंबर, एक्सपायरी, सील. ट्रेनरनं झिपच्या पिशवीत दिलेली सुट्टी पावडर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, आत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं.

माळकरी मंडळी विचारतात की हे मांसातून काढतात का. नाही, कारखान्यात केमिकलपासून बनतं, जनावराचा संबंध नाही, डब्यावर हिरवा ठिपका बघा म्हणजे झालं. (कॅप्सूल घेत असाल तर मात्र तिचं कवच जिलेटिनचं असू शकतं.) उलट शाकाहारी माणसाच्या स्नायूंत साठा मुळात कमी असतो, त्यामुळे फरक त्याला जास्त जाणवू शकतो. एक किलो कच्च्या मटणात चार-पाच ग्रॅम असतं, शिजवताना त्यातलंही थोडं जातं, आणि दुधात नावापुरतं.

४. किती आणि कसं

रोज ३ ते ५ ग्रॅम. संपलं.

जिममध्ये लोडिंग सांगतात, म्हणजे पाच ते सात दिवस रोज २० ग्रॅम चार वेळा विभागून. त्यानं साठा आठवड्यात भरतो हे खरं, पण रोज ३ ग्रॅम घेतलं तरी चार आठवड्यांत तिथेच पोचता, आणि लोडिंगमध्ये अनेकांचं पोट बिघडतं. गाडी अर्धी खाली झालीय आणि तुम्ही संडास शोधताय, कशाला ती पाळी आणा. शिवाय हिशोब बघा, २५० ग्रॅमचा डबा रोज ३ ग्रॅमनं ऐंशी दिवसांच्या वर जातो, लोडिंगच्या पाच दिवसांतच त्यातले १०० ग्रॅम उडतात.

डब्यात स्कूप असतो, तो किती ग्रॅमचा ते लेबलवर लिहिलेलं असतं, सपाट भरा, शीग लावून नाही. कोमट पाण्यात लवकर विरघळतं, गार पाण्यात ढवळलं तर ग्लासाच्या तळाला रवाळ पांढरा थर राहतो आणि लोक तो तसाच धुवून टाकतात, म्हणजे अर्धे पैसे मोरीत. थोडं पाणी परत घालून तो थर पिऊन टाका. पण सकाळी बाटलीत कालवून दिवसभर घोट घोट पीत बसू नका, पाण्यात ते हळूहळू मोडतं, कालवलं की पिऊन मोकळं व्हा.

सकाळी की संध्याकाळी, कामाआधी की नंतर, यानं फार फरक पडत नाही. जेवणाबरोबर घ्या म्हणजे पोटाला त्रास कमी आणि सवय लागते. चहा चालतो. सुट्टीच्या दिवशीही घ्यायचं, एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल नाही.

आणि जेवण. पुण्यात हमाल पंचायतीनं "कष्टाची भाकर" सुरू केली ती कष्टकऱ्याला परवडेल असं पोटभर जेवण मिळावं म्हणून. दुपारी वडापाववर दिवस काढून संध्याकाळी पावडर घेत असाल तर तेच पैसे आधी डाळ, अंडी, शेंगदाण्यावर घाला, मग उरले तर डबा.

५. पहिला महिना

पहिल्या काही आठवड्यांत वजन किलो-दोन किलो वाढेल. ते पाणी आहे, स्नायूंच्या आत धरलेलं, चरबी नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, गोळाफेकीला ते चालून जाईल, पण १६०० मीटरला तोच किलो अंगावर घेऊन पळायचंय, त्यामुळे ग्राउंडच्या तोंडावर सुरू करू नका.

उन्हात क्रिएटिननं वांब येतात, पाणी कमी पडतं अशी समजूत आहे, अभ्यासांत तसं निघालेलं नाही. पण म्हणून पाणी विसरायचं असं नाही. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद व्हायला लागली की पाणी कमी पडतंय. घामाघूम कामात नुसतं पाणी नको, लिंबू-मीठ-साखर किंवा ओआरएस मध्ये मध्ये असू द्या.

केस जातात का? २००९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या रग्बी खेळाडूंवरच्या एका छोट्या अभ्यासात डीएचटी हे टक्कल पडण्याशी जोडलं जाणारं हॉर्मोन वाढलेलं दिसलं, केस मोजलेच नव्हते, तिथून ही अफवा सुटली. २०२५ मध्ये बारा आठवडे केसच तपासून पाहिले, फरक नव्हता.

६. रक्ताचा रिपोर्ट लाल आला तर

किडनीची भीती मुख्यतः इथूनच येते. क्रिएटिन शरीरात मोडलं की क्रिएटिनिन होतं, आणि लॅब किडनीचा अंदाज त्याच क्रिएटिनिनवरून घेते. पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनिन किडनी ठणठणीत असतानाही थोडं वर दिसू शकतं. निरोगी माणसांत पाच वर्षांपर्यंतच्या वापरात किडनी बिघडल्याचं आढळलेलं नाही, असं क्रीडा पोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१७ मध्ये मांडलं.

म्हणून तपासणीला जाताना डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी हे घेतोय, लपवू नका. शंका असली तर ते सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी टेस्ट सांगू शकतात, तिच्यावर पावडरीचा परिणाम होत नाही, किंवा काही आठवडे बंद करून परत तपासता येतं. पण "पावडरमुळेच असणार" असं स्वतःच ठरवून रिपोर्ट कपाटात टाकू नका.

लघवी कोऱ्या चहासारखी झाली, पायावर-तोंडावर सूज आली, लघवी एकदम कमी झाली किंवा अंग असह्य दुखायला लागलं, तर त्याच दिवशी काम सोडून दवाखाना. अतिश्रमानं आणि उन्हानं स्नायू तुटायला लागले की असं होतं, पावडर न घेणाऱ्यालाही.

७. चालू ठेवायचं की सोडायचं

दोन महिन्यांनी स्वतःला विचारा, शेवटच्या गाडीला पहिल्यापेक्षा बरा दम राहतो का. काहींच्या स्नायूंत साठा आधीच भरलेला असतो, त्यांना काहीच कळत नाही, त्यांनी पैसे घालवू नयेत. सोडायचं तर एका दिवसात सोडा, हळूहळू कमी करायची गरज नाही. चार ते सहा आठवड्यांत साठा पहिल्यासारखा होतो, पाण्याचं वजनही उतरतं, आणि परत घ्यावंसं वाटलं तर पुन्हा त्याच ३ ग्रॅमपासून.