बडोद्याहून पोर्तुगाल: पेन्शनरांनी डी-७ व्हिसाची तयारी कुठून सुरू करावी

निवृत्तीनंतर राहायला येणाऱ्यांकडे स्पेन महिन्याला २,४०० युरो उत्पन्न मागतो, ग्रीस ३,५००. पोर्तुगालच्या डी-७ व्हिसाला, म्हणजे पेन्शन-भाड्यासारख्या उत्पन्नावर तिथे राहायच्या परवानगीला, तिथलं किमान वेतन पुरतं: २०२६ साठी ९२० युरो. जोडीदाराचे आणखी निम्मे, म्हणजे दोघांना १,३८०. युरो शंभर रुपयांचा धरला तरी हे १ लाख ३८ हजार होतात. रुपया घसरता असल्यामुळे काठावरचा आकडा दाखवू नका, पंधरा-वीस टक्के वर ठेवा.

उत्पन्न पेन्शन, भाडं, व्याज, लाभांश यांतलं हवं. रेल्वेच्या पेन्शनरांचं यात बरंचसं भागतं. खासगी कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस पेन्शन (भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतली) मात्र काही हजारांची असते, आणि त्यांचं गाडं इथेच अडतं. मग मदार भाड्यावर येते. मांजलपूरच्या फ्लॅटचं भाडं रोखीने घेत असाल, तर अर्जासाठी ते नसल्यासारखंच. करार, दरमहा खात्यात जमा होणारी रक्कम आणि आयकर रिटर्न, तिन्हींत एकच आकडा दिसला पाहिजे. नुसता नोटरी केलेला अकरा महिन्यांचा करार दुबळा पडतो. नोंदणी करून घ्या. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख असतील, तर ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज मिळतं, आणि ते पासबुकात स्वच्छ दिसतं. म्युच्युअल फंडातून दरमहा काढलेली रक्कम ही आपलीच मुद्दल आहे असं अधिकारी म्हणू शकतो, म्हणून तिच्यावर विसंबू नका.

याशिवाय वर्षभराच्या रकमेची बचत दाखवायची: एकट्याला ११,०४०, दोघांना १६,५६० युरो, शक्यतो पोर्तुगालच्या बँकेत. त्यासाठी आधी तिथला करक्रमांक, एनआयएफ, काढावा लागतो. तो प्रतिनिधीमार्फत इथून मिळतो. मग खातं, मग घर. घराचा करार बारा महिन्यांचा आणि तिथल्या करखात्यात नोंदवलेला असावा. पर्यटकांच्या खोलीचं बुकिंग जोडलं की अर्ज लटकतो. आणि घरमालकाची ओळख न पटवता अनामत पाठवू नका, फसवणूक इथेच होते.

पैसे पाठवताना एक गोष्ट सांभाळा. आर्थिक वर्षात १० लाखांवर गेलेल्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. तो रिटर्न भरल्यावर वळता होतो, पण तोवर अडकतो. दोघांची बचत वेगवेगळी असेल, तर ज्याने त्याने आपापल्या खात्यातून आपला वाटा पाठवावा. दोघांची मर्यादा स्वतंत्र धरली जाते.

आता नावांकडे या, कारण बडोद्याच्या मराठी घरांत सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदललेली सासूबाई घ्या: जन्मदाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, महापालिकेच्या गुजराती दाखल्यावर आडनाव आधी, आणि बँकेत आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. पासपोर्ट हाच पाया धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. जे जुळवता येत नाही, त्यासाठी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा. जुन्या लग्नाची नोंदणी झालेली नसेल, तर ती सगळ्यात आधी उरका. गुजराती दाखल्यांचं भाषांतर लागतं. विवाहदाखल्यावर राज्याचं साक्षांकन झालं की परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, घ्यायचा. दाखला लॅमिनेट केलेला असेल तर नवी प्रत काढा, लॅमिनेशनवर अपोस्टिल होत नाही.

पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मात्र शेवटी काढा. उत्साहात ते आधी काढून ठेवतात, आणि बाकीचे कागद जमेपर्यंत ते शिळं होतं. अर्जाच्या दिवशी ते तीन महिन्यांच्या आतलं असावं. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा घ्या.

सासर-माहेर कुणाचं गोवा, दमण किंवा दीवचं असेल, आणि आईवडील १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेले असतील, तर आधी नागरिकत्वाची बाजू तपासा. तो रस्ता वेगळा आहे. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं तर भारतीय पासपोर्ट परत करावा लागतो, हेही आधीच ठरवा.

व्हिसा चार महिन्यांचा मिळतो. त्या मुदतीत तिथे जाऊन एआयएमए या परदेशी रहिवाशांच्या सरकारी कार्यालयात बोटांचे ठसे द्यायचे. मूळ अपोस्टिल कागद हातातल्या बॅगेत ठेवा. पहिलं निवासपत्र दोन वर्षांचं असतं. त्या दोन वर्षांत सलग सहा महिने, किंवा मिळून आठ महिने बाहेर राहिलात, तर नूतनीकरण धोक्यात येतं. नवरात्र, दिवाळी आणि लग्नसराईला दरवर्षी येणाऱ्यांनी हे आठ महिने दोन वर्षांत आधीच वाटून घ्यावेत.

इकडचं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्या. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाईलवर चेहरा दाखवून, जीवन प्रमाण या सरकारी ॲपमधून देता येतो. आधार कार्ड आणि पेन्शनचे तपशील ज्या फोनवर आहेत तो निघण्यापूर्वी एकदा चालवून पाहा, आणि ओटीपी येणारा भारतीय नंबर बंद करू नका.