यादी नीट लिहा: गाण्यांची, किराण्याची आणि नगरपरिषदेची

वाईत माझं किराणा दुकान आहे. आधी त्याच गाळ्यात रेकॉर्डिंग सेंटर होतं. लोक वहीच्या पानावर गाणी लिहून आणायचे आणि मी ती कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचो. (कायद्याच्या पुस्तकात या धंद्याला वेगळं नाव आहे, पण तेव्हा गावोगावी हेच चालायचं.) मग सीडी आली, मोबाइल आला, कॅसेटचा डेक मागच्या फळीवर गेला आणि पुढे तूरडाळीची पोती लागली. यादी घेऊन येणारी माणसं मात्र तीच राहिली. हल्ली अर्ज लिहून घ्यायलाही माझ्याकडेच येतात, कारण माझं अक्षर बरं आहे आणि दुकानात बसायला स्टूल आहे.

तिन्ही कामांत रोग एकच: मोघम यादी. ‘जुनी छान गाणी’, ‘चांगला तांदूळ’, ‘रस्त्याबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी’. मोघम मागितलं की देणारा स्वतःच्या सोयीचं देतो. दुकानदार त्याला अपवाद नाही.

आधी गाणी, कारण माझा जीव तिथे आहे.

६० ची कॅसेट म्हणजे एका बाजूला ३० मिनिटं. तबकडीच्या काळातलं गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं, म्हणजे बाजूला आठ, फार तर नऊ गाणी. लोक पंधरा लिहून आणायचे आणि नववं गाणं अंतऱ्यात तुटलं की माझ्यावर चिडायचे. आता पेनड्राइव्हवर कितीही गाणी मावतात, त्यामुळे यादी करायची सवयच गेली. गाडीतल्या पेनड्राइव्हवर हजारो गाणी असतात आणि गाडी पसरणीचा घाट चढेपर्यंत बटण दाबून गाणी पुढे ढकलण्यातच वेळ जातो. माझं ऐका, एका प्रवासाला एक फोल्डर करा, वीसेक गाण्यांचं. तेवढ्यात पाचगणी येते.

पण खरी यादी करायची ती कपाटातल्या कॅसेटींची. पिशवीभर कॅसेटी आणून ‘सगळ्या मोबाइलमध्ये घालून द्या’ म्हणणारे पुष्कळ येतात. सगळ्या नकोत. तीन ढीग करा. विकत घेतलेल्या छापील कॅसेटी पहिल्या ढिगात. त्यातली बहुतेक गाणी आज इंटरनेटवर मूळ रेकॉर्डवरून आणि तुमच्या फितीपेक्षा चांगल्या आवाजात मिळतात. रेडिओवरून टेप केलेलं दुसऱ्या ढिगात. आणि घरी, लग्नात, देवळात टेप केलेलं तिसऱ्यात. काम या तिसऱ्या ढिगापासून सुरू करायचं. आमच्याकडे थंडीत कृष्णाबाईचा उत्सव असतो. एकेका घाटाचा आपापला उत्सव, त्यात कीर्तन, गाणं, प्रसाद. त्या कीर्तनांच्या कॅसेटी वाईतल्या कितीतरी घरांत पडून आहेत, आणि प्रत्येकीची जगात एकच प्रत आहे. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांचं तेच. त्या कोणत्याही कंपनीने काढलेल्या नाहीत.

कॅसेट लगेच डेकमध्ये घालू नका. उजेडात धरून कॅसेटीच्याच खिडकीतून फितीचं भेंडोळं बघा. कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. कृष्णाकाठच्या घरांत हे नेहमीचंच. अशी फीत चालवली की बुरशी डेकच्या हेडला (फितीवरून आवाज उचलणाऱ्या भागाला) चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. ती बाजूला ठेवा आणि जाणत्याला दाखवा. कॅसेटीला पाच स्क्रू असतील तर ती उघडते, फीत दुसऱ्या चांगल्या सांगाड्यात बसवता येते. स्क्रू नसलेल्या चिकटवलेल्या असतात, त्या फोडाव्या लागतात. फितीमागे स्पंजचा इवलासा तुकडा असतो, तोही बघा. तो गळून पडला असेल तर आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि लोक उगाच डेकला दोष देतात.

मग मागच्या कडेच्या दोन्ही प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडा, म्हणजे चुकूनसुद्धा वर काही रेकॉर्ड होणार नाही. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून डेकचं हेड पुसा. काडी तपकिरी निघते, ती स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, गुंडाळी सैल-घट्ट झालेली असते ती सारखी होते.

आता बारकाव्याची गोष्ट. दुसऱ्याच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली फीत तुमच्या डेकवर दबकी ऐकू येते. हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी केसभर इकडे किंवा तिकडे फिरवायचा आणि कान टाळांकडे ठेवायचा. कीर्तनकाराच्या आवाजावरून काही कळत नाही, टाळ सांगतात. ‘छुक छुक’ वाजणारे टाळ एकदम ‘छन्न’ वाजायला लागले की थांबा. तिथे जे कीर्तन उघडतं, त्यासाठी मी आजही दुकान अर्धा तास पोराच्या ताब्यात देतो.

डेकच्या लाइन आउटमधून वायर कॉम्प्युटरच्या लाइन इनला जोडा, माइकच्या भोकात नको. लॅपटॉपला लाइन इन नसेल तर यूएसबीचं छोटं यंत्र मिळतं. ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठ्या आवाजालाही काटा लाल होणार नाही. फाइल वॅव्ह (.wav) प्रकारात ठेवा. सीडीच्या दर्जाला मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ६० ची कॅसेट ६०० एमबीच्या थोडी वर जाते. आजच्या काळात हे काहीच नाही. एमपीथ्री पाहुण्यांना पाठवायला वेगळी करा. खरखर काढायची हौस असेल तर ती कॉपीवर भागवा, मूळ फाइलला हात लावू नका. खरखरीबरोबर तंबोराही जातो.

फाइलचं नाव हीच तुमची यादी. ‘नवीन १’, ‘नवीन १ कॉपी’ असली नावं देऊ नका. साल, प्रसंग, जागा, माणूस, बाजू या क्रमाने लिहा. साल पुढे लिहिलं की फाइली आपोआप ओळीने लागतात. कीर्तनकाराचं नाव, पेटीवर कोण, तबल्यावर कोण हे आजच घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या. इंटरनेटवर टाकणार असाल तर गाणाऱ्याच्या घरच्यांना आधी विचारा. छापील रेकॉर्डचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचाही ५० वर्षं असतो.

७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) काळ्या जड तबकड्या सापडल्या तर एकच सांगतो: त्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका. त्या लाखेच्या असतात, विरघळतात. आणि एलपीची सुई त्यांच्या खाचेला बारीक पडते.

आता किराणा. इथे मी समोरच्या बाजूचा माणूस आहे, म्हणून माझ्या सांगण्याला जरा जास्त वजन द्या.

‘तांदूळ ५ किलो’ अशी यादी आली की दुकानात जो पडून आहे तो जातो. ‘इंद्रायणी, जुना, ५ किलो, तुकडा नको’ असं लिहिलं की दुकानदार सरळ होतो. इंद्रायणी मुळात चिकट. त्यात नवा असेल तर भाताचा लगदा होतो आणि वहिनी दुसऱ्या दिवशी पातेलं घेऊन दारात. ज्वारी लिहाल तर ‘मालदांडी’ लिहा. गूळ लिहाल तर रंगावर जाऊ नका. पिवळाधमक गूळ दिसायला देखणा, पण तो रंग बहुधा हायड्रॉस पावडरचा असतो. काळपट तांबूस गुळाला लोक नाक मुरडतात आणि तोच चांगला असतो. हळद इथली, मग पूड का घेता? सेलम जातीचं हळकुंड घ्या, मोडून बघा, आत गडद नारिंगी पाहिजे. दळायला गिरण आहेच.

स्वस्त कधी मिळतं? माल नवा येतो तेव्हा. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीपासून येते, ज्वारी आणि हरभरा त्याच्या मागोमाग, गहू आणि लाल मिरची उन्हाळ्याच्या तोंडाला. साठवणीचं धान्य मार्च ते मे या काळात भरायचं ते काही आजीची हौस म्हणून नव्हे. भाव उतरलेला असतो आणि वाळवायला ऊन असतं. गव्हाला एरंडेलाचा हात लावून कोठीत भरलात तर दिवाळीपर्यंत किडा फिरकत नाही. जून उजाडल्यावर ‘वर्षाचे गहू द्या’ म्हणून येऊ नका. तेव्हा भावही चढा आणि घरात दमटही.

भाव करायचा तर कट्ट्यावर, म्हणजे अख्ख्या पोत्यावर करा, पाव किलो जिऱ्यावर नको. आणि महिन्याच्या १ ते १० तारखेला तर अजिबात नको, तेव्हा दुकानात मान वर करायला फुरसत नसते. वीस तारखेनंतर, दुपारी, रोख पैसे हातात घेऊन या. तांदळाचा कट्टा २६ किलोचा का असतो, असं लोक विचारतात. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी लागला, त्यानंतर २६ किलोचे कट्टे बाजारात आले. म्हणून भाव विचारताना कट्ट्याचा विचारू नका, किलोचा विचारा.

तेलाच्या डब्यात तर लोक हमखास फसतात. एक डबा १५ किलोचा, दुसरा १५ लिटरचा. लिटरवाला स्वस्त दिसतो. पण लिटरभर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरचा डबा साडेतेरा किलोच्या किंचित वर. किलोच्या डब्यापेक्षा त्यात तेल सव्वा किलोहून जास्त कमी. डब्यावर ‘किग्रॅ’ आहे की ‘लि’ हे वाचून मगच पिशवी उघडा. पाकिटांचंही तसंच. एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापलेला असतो. मोठं पाकीट नेहमीच स्वस्त असतं असं नाही. वजनात किंवा छापील किमतीत कोणी फसवलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. दुकानदार असून मी तो फळीवर चिकटवलाय.

सोमवारच्या बाजाराबद्दल एवढंच: टिकणारी भाजी सकाळी घ्या, त्याच रात्री शिजवायची ती दिवेलागणीला. कोणी पायलीच्या मापाने घेवडा देत असेल तर शेजारच्या काट्यावर टाकून बघा.

राहिला अर्ज. तोही यादीच, पण एका ओळीची.

माझी धाकटी बहीण दुसऱ्या जिल्ह्यात तालुक्याच्या गावी असते. तिच्या बोळातला दिवा कित्येक महिने बंद. शेजाऱ्यांनी मिळून दोन पानी अर्ज दिला होता. त्यात दिवा होता, गटार होतं, मोकाट कुत्री होती, पाण्याची वेळ होती आणि शेवटी ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही नम्र विनंती’. तो अर्ज कोणत्या टेबलावर जाणार? दिवा विद्युत विभागाचा, गटार आरोग्य किंवा बांधकामाचं, पाणी आणखी तिसऱ्याचं. तो कुठेच गेला नाही. मी तिला फोनवर सांगितलं, बाई, खांबावर जा, त्यावर रंगाने नंबर टाकलेला असेल तो बघून ये. मग चार ओळी लिहिल्या: प्रति, मुख्याधिकारी. विषय: अमुक प्रभाग, खांब क्रमांक अमुक, दिवा अमुक तारखेपासून बंद. मागणी: दिवा बदलणे. सोबत फोटो. तिने दोन प्रती नेल्या, एक दिली, दुसरीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. दिवा त्याच आठवड्यात लागला. कुत्र्यांचा अर्ज वेगळा दिला, तो अजून चालू आहे.

आधी बघा की वस्तू कोणाची. खांब बहुधा महावितरणचा असतो, त्यावरचा दिवा नगरपरिषदेचा. गावातून जाणारा मोठा रस्ता पुष्कळदा सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असतो, तिथल्या खड्ड्यासाठी नगरपरिषदेत भांडण्यात अर्थ नाही. आवकवाला म्हणाला ‘साहेब नाहीत’, तर अर्ज घ्यायला साहेब लागत नाहीत, शिक्का लागतो. तरीही नाहीच घेतला तर स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा. घरबसल्या करायचं तर ‘आपले सरकार’वर तक्रार नोंदवता येते. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. नेमका आमचा बाजाराचा वार, त्यामुळे वाईकर साताऱ्याला जायला कुरकुरतात.

नवा रस्ता पहिल्याच पावसात उखडला तर माहितीचा अर्ज करा, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘रस्ता का खराब झाला?’ असं विचारू नका; ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागद मागा: कार्यादेशाची (वर्क ऑर्डरची) प्रत, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तकाची (ऑफिसात एमबी म्हणतात) संबंधित पानं आणि दोषदायित्व कालावधी किती तो. हा कालावधी चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, आणि हे कागदावर दिसलं की पुढच्या अर्जाला धार येते. प्रतीचे पानाला दोन रुपये पडतात. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तारखा कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा. आणि टाचणी घरूनच न्या, ऑफिसात ती कधीच नसते.