धावपट्टीवर विमानाचे दिवे: या चुका टाळा

सेसना १७२ या छोट्या प्रशिक्षण विमानाच्या पॅनेलवर बाहेरच्या दिव्यांची पाच बटणं असतात: बीकन (लुकलुकणारा लाल), लँडिंग, टॅक्सी (जमिनीवर चालताना लागणारा), नॅव्ह (पंखांचे आणि शेपटीचे स्थिर दिवे) आणि स्ट्रोब (लखलखणारे पांढरे). नवशिक्यांचे त्यात दोन पंथ. एक पंथ इंजिन सुरू झालं की पाचही खटाखट वर करून मोकळा होतो. दुसरा चेकलिस्टमध्ये ओळ येईपर्यंत एकालाही हात लावत नाही. दोघांचाही समज एकच, की हे गाडीच्या हेडलाइटसारखं, आपल्याला पुढचं दिसावं म्हणून आहे. तेवढं काम टॅक्सी आणि लँडिंग लाइट करतात. बाकी सगळी मांडणी आपण कुठे आहोत आणि आता काय करणार आहोत हे दुसऱ्याला कळावं यासाठी आहे.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे धावपट्टीवर लाइन अप होऊन, म्हणजे टेकऑफच्या दिशेने मध्यरेषेवर येऊन, स्ट्रोबशिवाय थांबणं.

१ फेब्रुवारी १९९१, लॉस एंजेलिस, संध्याकाळी सहा वाजून गेलेले. स्कायवेस्ट कंपनीच्या मेट्रोलायनर या छोट्या प्रवासी विमानाला धावपट्टी २४ लेफ्टवर, टोकाला नव्हे तर मधल्या इंटरसेक्शनवर (टॅक्सीवे येऊन मिळतो तिथे), येऊन थांबायला सांगितलं गेलं. टॉवरमधल्या कंट्रोलरची दुसऱ्या एका छोट्या विमानाशी गफलत झाली, मेट्रोलायनर धावपट्टीवर उभं आहे हे डोक्यातून निसटलं, आणि त्याच धावपट्टीवर यूएसएअरच्या बोइंग ७३७ ला उतरायची परवानगी मिळाली. जमिनीवरचं रडार त्या वेळी बंद होतं. अ‍ॅप्रनच्या (विमानं उभी करायच्या जागेच्या) दिव्यांच्या झगमगाटामुळे टॉवरमधून ते इंटरसेक्शन नीट दिसत नव्हतं. बोइंगच्या फर्स्ट ऑफिसरला समोरचं विमान दिसलं ते चाकं टेकून नाक खाली येताना, स्वतःच्याच लँडिंग लाइटचा उजेड त्याच्या पंख्यांवर (प्रोपेलरवर) चमकला तेव्हा. मेट्रोलायनरमधले सर्व १२ जण गेले. दोन्ही विमानांचे मिळून मृत तीसच्या वर.

उघड्या हवेत एवढं विमान दिसत कसं नाही, हा प्रश्न प्रत्येक नवा विद्यार्थी विचारतो. उत्तर भूमितीत आहे. नॅव्ह लाइटमधला डावा लाल आणि उजवा हिरवा प्रत्येकी समोरून ११० अंशांपर्यंतच दिसतो. उरलेल्या मागच्या १४० अंशांत फक्त शेपटीचा एक पांढरा ठिपका. मोठ्या विमानतळावर मध्यरेषेचे दिवे साधारण दर १५ मीटरला एक, तेही पांढरे. म्हणजे तुम्ही त्या माळेतला आणखी एक मणी. लाल बीकन तरी उठून दिसेल म्हणावं, तर शेवटच्या ९०० मीटरपासून मध्यरेषेच्या दिव्यांतच लाल मिसळायला लागतो आणि अखेरच्या ३०० मीटरमध्ये सगळे लाल. हलणारी वस्तू नजर पटकन पकडते, पण तुम्ही तर उभे आहात. आणि ज्या लँडिंग लाइटवर तुमचा एवढा भरवसा, तो पुढे तोंड करून आहे. धोका येतो मागून.

हे जुनं झालं म्हणणाऱ्यांनी २ जानेवारी २०२४ चं हानेदा आठवावं. जपानच्या तटरक्षक दलाचं डॅश ८ हे छोटं विमान परवानगी मिळाल्याच्या समजुतीने धावपट्टी ३४ राइटवर आलं आणि सुमारे ४० सेकंद तिथेच उभं राहिलं. जपान एअरलाइन्सचं ए३५० मागून येऊन धडकलं. ए३५० मधले सर्व ३७९ जण बाहेर पडले, डॅश ८ मधल्या सहांपैकी पाच गेले. सुरुवात गैरसमजातून झाली हे खरं. पण उतरणाऱ्या वैमानिकांना समोरचं विमान वेळेत दिसलं नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हा सवय अशी लावा: होल्डिंग लाइन (धावपट्टीत शिरण्याआधीची थांबरेषा) ओलांडायच्या आधी हात स्ट्रोबवर. धावपट्टीत शिरताना स्ट्रोब, बीकन, नॅव्ह आणि टॅक्सी लाइट चालू, लँडिंग लाइट मात्र बंद. रात्री मध्यरेषेवर तंतोतंत उभं राहण्याचा हट्ट सोडा. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाची, एफएएची, सूचना आहे की सुमारे तीन फूट डावी-उजवीकडे राहावं, म्हणजे मागून येणाऱ्याला माळेबाहेरचा ठिपका वेगळा काढता येतो. ९० सेकंदांत टेकऑफची परवानगी आली नाही तर टॉवरला विचारा. विचारायला लाज वाटणाऱ्यांनी वरचे दोन अपघात पुन्हा वाचावेत.

एअरबस ए३२० वर जाणाऱ्यांसाठी वेगळा सापळा आहे. तिथे स्ट्रोबच्या स्विचला ऑफ, ऑटो आणि ऑन अशा तीन जागा. ऑटोवर ठेवलं की झालं, ही आळशी समजूत. ऑटोमध्ये स्ट्रोब पेटतात ते चाकांवरचा भार गेल्यावर, म्हणजे विमान हवेत गेल्यावर. धावपट्टीवर उभे असताना, नेमकी गरज असते तेव्हा, ते बंदच. स्विच हाताने ऑनवर न्यावा लागतो. बोइंग ७३७ वर हाच खेळ उलटा: स्विचची मधली जागा म्हणजे ऑफ, तिथे नॅव्ह लाइटसुद्धा जातात.

दुसरी डोक्यात जाणारी चूक म्हणजे लाइन अप होतानाच लँडिंग लाइट लावून टाकणं. ‘जास्त उजेड, जास्त सुरक्षित’ हे ऐकायला बरं वाटतं. पण एफएएच्या संकेतानुसार लँडिंग लाइट लागला याचा अर्थ टेकऑफची परवानगी मिळाली, आता हे विमान पळणार. टॉवर, होल्डिंग लाइनवर थांबलेला, दुसरीकडून धावपट्टी ओलांडायच्या बेतात असलेला, सगळे ती खूण वाचतात. परवानगीआधीच दिवा लावला तर ती खूण खोटी ठरते, आणि दिवसभरात दहा जणांनी तसं केलं की तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. परवानगीचा रीडबॅक (टॉवरचे शब्द परत म्हणून दाखवणं) संपला की मग लँडिंग लाइट, त्यानंतर थ्रॉटल. याच क्रमाने. पायलट घाईत असला की क्रम उलटतो, आणि घाईतला पायलट लांबूनही ओळखू येतो तो असाच.

दिवा न लावण्याचंही एक कारण ऐकायला मिळतं: बल्ब वाचवायचा. जुन्या १२ व्होल्टच्या विमानांतला ४५०९ क्रमांकाचा १०० वॅटचा बल्ब उत्पादकाच्या हिशोबाने जेमतेम २५ तासांचा, आणि जवळपास ८ अँपिअर खातो. इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटरला (वीज बनवणाऱ्या यंत्राला) ते जड जातं, कबूल. म्हणून टॅक्सी करताना लँडिंग लाइट बंद ठेवा. टेकऑफला आणि उतरताना कंजुषी नको. एलईडी बसवला असेल तर ही सबबच उरत नाही.

धावपट्टी ओलांडताना फक्त टॅक्सी लाइट लावणारे बरेच आहेत. ओलांडताना बाहेरचे सगळे दिवे लावा, धावपट्टी वापरात नसली तरी. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ एकमेकींना छेदतात. अशा ठिकाणी ‘ती आज बंद आहे’ या भरवशावर राहू नये. आणि सगळे दिवे लावले म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. समोर लाल स्टॉप बार (धावपट्टीआधीची लाल दिव्यांची ओळ) पेटलेला असेल तर टॉवर ‘जा’ म्हणाला तरी थांबा आणि विचारा.

टॅक्सी लाइट: चालताना चालू. थांबलात किंवा दुसऱ्याला वाट दिलीत, की बंद. समोरच्याला कळतं की तुम्ही थांबलात, आणि त्याचे डोळेही दिपत नाहीत. अंधाराला सरावायला डोळ्यांना अर्धा तास लागतो, तो सराव घालवायला एक झोत पुरतो.

अ‍ॅप्रनवर स्ट्रोब नको. हाताने खुणा करून विमान जागेवर आणणाऱ्या मार्शलरच्या तोंडावर तर नकोच. आयकाओ या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या एनेक्स २ या नियमावलीत बाहेरच्याला त्रासदायक दिपवणारे लुकलुकणारे दिवे बंद करायची मुभा आहे, ती वापरा. धुक्यात आणि ढगातही स्ट्रोबचा उजेड परतून आपल्याच डोळ्यांवर येतो आणि भोवळल्यासारखं होतं.

बीकन इंजिन सुरू करण्याआधी लावायचा आणि पंखा पूर्ण थांबल्यावरच बंद करायचा. खालची माणसं तो विझेपर्यंत जवळ येत नाहीत. मिक्श्चर ओढून इंधन तोडलं, मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद केला, त्यासरशी बीकन विझला आणि पंखा अजून फिरतोय, हे रोज दिसतं.

नॅव्ह लाइट लावून विमानाभोवती एक फेरी मारा. डावा लाल, उजवा हिरवा, मागे पांढरा. शेपटीचा दिवा कॉकपिटमधून दिसत नाही, त्यामुळे तो गेलेला महिनोन्महिने कळत नाही. मग परत येऊन मास्टर बंद करा, नाहीतर बॅटरी बसेल.

भारतात कमर्शियल लायसन्ससाठी रात्रीचे किमान ५ तास आणि १० टेकऑफ-लँडिंग लागतात. बारामतीत शिका वा गोंदियात, एवढ्यात हाताला सवय लागत नाही. म्हणून दिव्यांचा हा क्रम दिवसाच्या प्रत्येक उड्डाणातही तसाच पाळा, ऊन कितीही लख्ख असलं तरी.

आणि उतरल्यावरची घाई. धावपट्टीवरून वळता वळता एक हात फ्लॅप्सवर (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपांवर), दुसरा स्ट्रोबवर, नजर आत. चाकं आत जाणाऱ्या विमानात याच घाईत फ्लॅपऐवजी गिअरचा, म्हणजे चाकांचा, दांडा ओढला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. विमान शेपटीसकट होल्डिंग लाइनच्या बाहेर येईपर्यंत एकाही स्विचला हात लावू नका. बाहेर या, जागा असेल तर थांबा, मग स्ट्रोब बंद, लँडिंग बंद, फ्लॅप्स वर, आणि त्यानंतर जमिनीवरची वाहतूक सांभाळणाऱ्या ग्राउंड कंट्रोलला कॉल.