जुन्या गाडीतला स्पीकर गप्प? नवी जोडी आणण्याआधी या चुका टाळा

मारुती ८००, झेन, जुनी सँट्रो अशा गाडीत एका बाजूचा आवाज गेला की बरेच जण थेट नवे स्पीकर आणतात. जोडी बसते, आवाज काही येत नाही. बिघाड स्टीरिओत, वायरीत किंवा स्पीकरमध्ये असू शकतो, आणि गाडी जुनी असेल तर पहिला संशय वायरीवरच घ्यावा. दारातल्या स्पीकरची वायर बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जाते. रोज वाकून वाकून आतलं तांबं तुटतं, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत दिसतं. दार हलवल्यावर आवाज येत-जात असेल तर दाराचा पॅड खोलण्याआधी ती नळी सोडवून बघा.

अंदाजाने भाग बदलू नका, मल्टिमीटर लावा. स्टीरिओ बंद करून मागचा प्लग काढा आणि मीटर २०० ओहमवर ठेवा. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा पुढच्या मापातून वजा करायचा. प्लगमध्ये एकाच स्पीकरच्या दोन वायरींवर, ४ ओहमच्या स्पीकरला, ३ ते ४ च्या दरम्यान आकडा यायला हवा. शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मीटरवर आकडाच येत नसेल (OL किंवा डावीकडे नुसता १ दिसत असेल) तर वायर किंवा व्हॉइस कॉइल, म्हणजे स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी, तुटली आहे. मग स्पीकरच्या वायरी काढून थेट त्याच्या टर्मिनलवर मोजा. तिथे आकडा बरोबर आला तर स्पीकर चांगला आहे, दोष वायरीचा.

आता हेच माप प्रत्येक वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात घ्या. हे फार थोडे जण करतात, आणि सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. पूर्वीच्या काही टेपमध्ये सगळ्या स्पीकरची मायनस वायर एकत्र करून बॉडीला अर्थ केलेली असायची. आताच्या ४ चॅनलच्या (चार स्पीकरसाठी चार वेगळी आउटपुट असलेल्या) स्टीरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरी आतल्या ॲम्प्लिफायरकडून येतात आणि दोन्हींवर बॅटरीच्या निम्मे, म्हणजे सुमारे ६ व्होल्ट असतात. त्यातली एकही बॉडीला टेकली की स्टीरिओ प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला आवाज बंद करतो, नाहीतर आउटपुटचा आयसी (ॲम्प्लिफायरची चिप) जळतो. बॉडीशी कुठलीही जोडणी दिसली, म्हणजे मीटरवर आकडा आला, तर जुनी वायर वाचवत बसू नका; प्रत्येक स्पीकरला ०.७५ चौरस मिमीची नवी दुहेरी वायर ओढा.

बॉडीशी शॉर्ट नाही याची खात्री झाल्यावरच अदलाबदल करून बघा. बंद स्पीकरच्या वायरी चालू चॅनलला जोडा. आवाज आला तर दोष स्टीरिओच्या आधीच्या चॅनलमध्ये आहे.

बाजारातल्या बहुतेक स्टीरिओत पांढरी वायर डावी पुढची, राखाडी उजवी पुढची, हिरवी डावी मागची आणि जांभळी उजवी मागची. काळ्या रेघेची ती मायनस. गाडीच्या मूळ वायरिंगचे रंग वेगळे असतात, त्यामुळे रंगाला रंग जोडू नका. पिवळी थेट बॅटरीची, लाल चावीवरची. या दोन्ही अदलाबदल झाल्या की चावी काढताच घड्याळ आणि स्टेशनं पुसली जातात.

आवाज आहे पण बास पोकळ वाटतो? बहुधा एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे आहेत. वायरी सुट्या करून १.५ व्होल्टचा सेल टर्मिनलला क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलच्या प्लसकडचं टर्मिनल प्लस.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर आधी स्टीरिओची काळी, म्हणजे अर्थची, वायर तपासा. रंग खरवडून उघड्या पत्र्यावर ती घट्ट आवळा.

जोड नुसता पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळू नका. उन्हात टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते. सोल्डर करा, वर हीट श्रिंक नळी चढवा. फ्यूज उडाला तर तितक्याच अँपिअरचा घाला, चांदीचा कागद किंवा तार नको. आणि पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडलात तर दार बंद करण्याआधी परत नीट चिकटवा, कारण काचेवरून उतरणारं पावसाचं पाणी तोच अडवतो.