ब्योमकेशवर प्रकल्प करायचा असेल तर

एम.ए.ला तौलनिक साहित्याचा प्रकल्प म्हणून मी शरदिंदु बंद्योपाध्यायांची ब्योमकेश बक्षी ही बंगाली गुप्तहेरकथांची मालिका घेतली. बत्तीस पूर्ण कथा, म्हणजे दोन महिन्यांत उरकेल असा हिशेब. वर्ष गेलं.

पहिली चूक अनुक्रमाची. 'सत्यान्वेषी'त ब्योमकेश आणि त्याच्या गोष्टी सांगणारा मित्र अजित पहिल्यांदा भेटतात, म्हणून मी तिथून सुरुवात केली. पण १९३२ साली आधी लिहिली गेली 'पथेर काँटा', मग 'सीमान्त हीरा'. मालिका करायची हे लेखकाच्या मनात त्यानंतर आलं आणि ओळख करून देणारी कथा तिसरी लिहिली गेली. तेव्हा कथा लेखनक्रमानेच वाचा. माझी पन्नासेक पानांची टिपणं रद्दीत गेली.

दुसरं, मालिका थांबते तिथे तुम्हीही थांबा. १९३६ नंतर पंधरा वर्षं ब्योमकेश गायब आहे. लेखक मुंबईत, बॉम्बे टॉकीजमध्ये पटकथा लिहीत होते. (पुढे ते पुण्यात स्थायिक झाले, हे आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही.) १९५१ साली 'चित्रचोर' आली. तिची सुरुवात पाहा: आजारातून उठलेला ब्योमकेश खुर्चीत बसलाय आणि बायको, सत्यवती, डाळिंबाचा रस घेऊन उभी आहे. प्रेत नाही, पिस्तूल नाही, रस प्यायचा की नाही यावरून कुरबुर! मला मालिकेतला खरा बदल इथे सापडला. आधीच्या कथांत खुनाची युक्ती मोठी, माणसं तिच्या सोयीची. आता उलट झालं. 'आदिम रिपु'त तर कोलकात्यातले दंगे आणि १५ ऑगस्ट १९४७ थेट कथानकात शिरतात.

तिसरं, सांगतंय कोण याची वेगळी वही ठेवा. बराच काळ अजितच सांगतो. महाबळेश्वरात घडणाऱ्या 'शैलरहस्य'मध्ये ब्योमकेश त्याला पत्र लिहितो, म्हणजे बरीचशी गोष्ट ब्योमकेशच्याच तोंडून कळते. शेवटच्या काही कथांत अजितचं निवेदन उरतच नाही. माझ्या मार्गदर्शकांनी सगळा प्रकल्प बाजूला ठेवून एवढाच प्रश्न विचारला, "अजित का गेला?" मी अडखळलो. आज म्हणेन, घरातली बारीकसारीक ओढाताण सांगायला भारावलेला मित्र अपुरा पडू लागला होता. पटलं नाही तर खोडून काढा, निदान एक प्रकरण तरी होईल.

'विशुपाल वध' मात्र शेवटी वाचायला ठेवा. १९७० साली लेखक गेले तेव्हा ती अर्धीच होती.