फेरफार वहीतलं अक्षर कुणाचं? बिटकॉइनच्या विसरलेल्या माणसांचा माग कसा काढावा

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, शेवटची काही वर्षं सातारा जिल्ह्यात मंडळ अधिकारी म्हणून. तलाठी फेरफार नोंद घ्यायचा. ती तपासून, नोटिसा पोहोचल्या की नाही ते बघून प्रमाणित करणं माझ्याकडे. बिटकॉइन मी पै-पैशाचंही घेतलेलं नाही आणि तुम्ही घ्या असंही सांगणार नाही. पण निवृत्तीनंतर भाच्याने लॅपटॉपवर बिटकॉइनच्या कोडचा इतिहास उघडून दाखवला, तेव्हा तो मला ओळखीचा वाटला. नोंदीची तारीख, नोंद घेणारा, काय बदललं, आणि शेरा. फेरफार वहीच की ही! तेव्हापासून दुपारची झोप गेली ती गेलीच.

पहिली गोष्ट, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ज्याने बिटकॉइन बनवलं तो खरा कोण होता, या प्रश्नाच्या नादी लागू नका. त्या दारात आधीच जत्रा आहे. एक छोटा प्रश्न धरा, ज्याला कागद मिळू शकेल असा. मी धरला होता तो असा: जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन आलं ते फक्त विंडोजवर चालणारं, मग ते लिनक्स या दुसऱ्या संगणक प्रणालीवर कुणी आणलं?

आता वही उघडू. संगणकावर गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) बसवून घ्या, बिटकॉइन कोअरचा, म्हणजे बिटकॉइनच्या मुख्य प्रोग्रॅमचा, कोड पूर्ण इतिहासासकट उतरवून घ्या आणि गिटची लॉग आज्ञा रिव्हर्स हा पर्याय लावून द्या. सगळ्यांत जुनी नोंद वर येईल. तारीख ३० ऑगस्ट २००९, शेरा ‘फर्स्ट कमिट’ म्हणजे पहिली नोंद, नाव सिरियस-एम. हे मार्टी माल्मी या फिनलंडच्या विद्यार्थ्याचं टोपणनाव. मी लगेच वहीत लिहिलं की पहिला कोड माल्मीचा. रात्री भाच्याला फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, “मावशी, तू तलाठ्यालाच मालक केलंस.”

खरंच तसं झालं होतं. त्या दिवशी माल्मीने वहीत चढवला तो सातोशीने आधीच लिहिलेला कोड. फेरफार वहीत अक्षर तलाठ्याचं असतं म्हणून काही जमीन त्याची होत नाही. गिटमध्ये लेखक आणि नोंद घेणारा असे दोन वेगळे रकाने आहेत, पण बिटकॉइनचा सुरुवातीचा इतिहास सबव्हर्जन नावाच्या जुन्या पद्धतीतून आणलेला आहे आणि तिथे रकाना एकच होता. त्यामुळे त्या काळात बाहेरच्या कुणी पाठवलेली दुरुस्ती सातोशीने आत घेतली, तर नोंद सातोशीच्या नावावर. कूळ कसतंय वर्षानुवर्षं आणि सातबाऱ्यावर त्याचा पत्ता नाही, त्यातलाच प्रकार.

म्हणून नावाचा रकाना वाचून थांबू नका, शेरे वाचा. गिट लॉगमध्ये ग्रेप हा पर्याय लावून ‘थँक्स’, ‘पॅच’, ‘फ्रॉम’ असे शब्द इंग्रजी स्पेलिंगने शोधा. मग २०१० सालच्या फायली उघडून त्यांच्या अगदी वरच्या ओळी बघा. हॅश (माहितीवरून गणिताने काढलेला ठसा) काढण्याच्या एका फाइलच्या डोक्यावर ‘टीकॅटएम’ हे टोपणनाव आहे. चार हॅश एकदम काढायची युक्ती त्याची. क्रिप्टो-प्लसप्लस नावाच्या संग्रहातून घेतलेला भाग दिसला की वेई दाई हे नाव टिपून ठेवा. १९९८ मध्ये बी-मनी या डिजिटल पैशाची कल्पना मांडणारा हाच माणूस बिटकॉइनच्या मूळ निबंधाच्या संदर्भांत पहिल्या क्रमांकावर आहे. त्या संदर्भांची यादीही डोळ्यांखालून घाला, आठच तर आहेत. त्यांतल्या तिनांवर स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांची नावं आहेत. कागदपत्रावर तारखेचा न पुसता येणारा शिक्का कसा मारावा, हे त्यांनी १९९१ मध्येच लिहून ठेवलं होतं. आमच्या खात्याने तेव्हा वाचायला हवं होतं, असो.

वहीच्या आधीचे महिने हे खरं दुखणं. ९ जानेवारीला प्रोग्रॅम बाहेर आला आणि पहिली नोंद ऑगस्टअखेरची. मधले जवळजवळ आठ महिने वहीत नाहीतच. ती जागा भरायला पत्रव्यवहार लागतो. बिटकॉइन अगदी सुरुवातीला चालवून बघणारे प्रोग्रॅमर हॅल फिनी यांचा सातोशीशी झालेला त्या जानेवारीतला पत्रव्यवहार पुढे छापून आला आहे. प्रोग्रॅम बंद पडतोय, हे बघा, ते बघा, अशी ती पत्रं. माल्मीने आपली सातोशीबरोबरची पत्रं फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली केली, लंडनच्या उच्च न्यायालयात सातोशी कोण यावरून खटला चालू होता तेव्हा. खटल्यातले कागद मला नेहमीच आवडतात. शपथेवर दिलेला जबाब आणि तीस वर्षांनी चहा पिताना सांगितलेली आठवण यांत किती फरक पडतो, ते मी भाऊबंदकीच्या तक्रारींत पुष्कळ पाहिलं आहे.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मिळालं भलतीकडेच, नव्या आवृत्तीच्या घोषणेत. डिसेंबर २००९ मध्ये आवृत्ती ०.२ आली, लिनक्ससह. घोषणेच्या शेवटी सातोशीने आभार मानलेत. माल्मीचे कोडिंगसाठी, आणि ‘न्यू लिबर्टी स्टँडर्ड’ या टोपणनावाच्या माणसाचे लिनक्सवरच्या चाचणीसाठी. घोषणांचा शेवट कुणी वाचत नाही, पण इतर हक्कांचा रकाना तिथेच असतो.

एक नाव सापडलं की ते आणखी कुठे येतं ते बघायचं. न्यू लिबर्टी स्टँडर्डनेच ऑक्टोबर २००९ मध्ये बिटकॉइनचा पहिला भाव जाहीर केला होता, एका डॉलरला १,३०९.०३ नाणी, आणि तो काढला होता संगणकाने नाणी काढायला लागणाऱ्या विजेच्या खर्चावरून. त्याच महिन्यात १२ तारखेला माल्मीने ५,०५० नाणी ५.०२ डॉलरला विकली, ती यालाच. म्हणजे चाचणी करणारा, भाव लावणारा आणि गिऱ्हाईक, तिघांचं नाव एकच. तिन्ही ठिकाणी टोपणनाव सारखं दिसलं तरी एवढ्यावर माणूस एकच म्हणू नका. तारखा जुळतात का, एकाने दुसऱ्याचा उल्लेख केलाय का, ते बघा. एकाच नावाचे दोन शिवाजी बाबुराव एका गावात असतात, आणि त्यांच्या नोंदी एकमेकांत गेल्या की निस्तरायला पिढी जाते.

काही माणसं विसरली गेलेली नाहीत, पण भलत्याच गोष्टीसाठी लक्षात राहिलीत. लास्लो हॅनयेझ म्हटलं की २२ मे २०१० आणि १०,००० नाण्यांचे दोन पिझ्झा. मॅकवर बिटकॉइन आणलं तेही यानेच, आणि ग्राफिक्स कार्डावर नाणी काढणाऱ्या पहिल्यांतला तो. त्याची हातातोंडाशी आलेली कामगिरी पिझ्झ्याने खाल्ली.

सगळ्यांत अवघड शोध असतो तो चूक पकडणाऱ्यांचा. १५ ऑगस्ट २०१० रोजी ७४६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये (व्यवहारांच्या वहीतलं एक पान म्हणा) कुणीतरी हिशेबातली फट वापरून १८,४४६ कोटींहून जास्त नाणी तयार केली. एकूण नाण्यांची मर्यादा २ कोटी १० लाख! काही तासांत दुरुस्ती झाली आणि वहीत ती सातोशीच्या नावाने चढली. पण हा आकडा विचित्र आहे असं पहिल्यांदा सांगणारा होता जेफ गार्झिक, आणि त्या नोंदीत त्याचं नाव नाही. त्याच्याच आधीच्या महिन्यात आर्टफोर्झ या टोपणनावाच्या माणसाला अशी एक खोट सापडली होती की कुणाचीही नाणी कुणालाही खर्च करता आली असती. त्याने गाजावाजा न करता ती कळवली. चोरी झालीच नाही, मग पंचनामा कुठून असणार? अशा माणसांसाठी सुरक्षा-त्रुटींच्या याद्या धुंडाळा, आणि प्रत्येक तातडीच्या आवृत्तीच्या आधीचे चार-पाच दिवस कोण काय बोलत होतं ते वाचा.

ब्लॉकचेन, म्हणजे या ब्लॉकांची साखळी, हाच अंतिम पुरावा असं पोरं छातीठोकपणे सांगतात. अर्धं खरं आहे. १७० क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये १२ जानेवारी २००९ रोजी १० नाणी एका किल्लीकडून (नाणी ज्याच्या ताब्यात त्याची निनावी खूण) दुसरीकडे गेली, एवढंच साखळी सांगते. दुसरी किल्ली फिनी यांची हे कळतं ते त्यांच्या स्वतःच्या लिखाणावरून. ते त्यांनी मार्च २०१३ मध्ये लिहिलं, आजाराने शरीर निकामी झालं असताना, डोळ्यांच्या हालचालीने चालणाऱ्या संगणकावर. साखळी आणि जबाब दोन्ही जुळले की मगच मी शाई वापरते.

ज्याने टोपणनाव घेतलं त्याचं खरं नाव शोधू नका. घर, गाव, नातेवाईक तर नाहीच. मार्च २०१४ मध्ये एका अमेरिकी मासिकाने कॅलिफोर्नियातल्या एका म्हाताऱ्याला सातोशी ठरवलं आणि बिचाऱ्याच्या दारात बातमीदारांची रांग लागली. काम नोंदवायचं, माणूस उघडा पाडायचा नाही.

माझी वही साधी दोनशे पानी आहे. एका कामाला एक पान: काय केलं, कोणत्या नावाने, पुरावा कुठला, आणि तो पुरावा स्वतःचा की ऐकीव. पक्कं ते शाईने, बाकी पेन्सिलीने. सध्या उघडं आहे ते जुलै २०१० च्या ०.३ आवृत्तीचं पान. घोषणेत जर्मन, डच आणि इटालियन भाषांतरांसाठी डेटारेथ, झूनी आणि जूझेरो यांचे आभार आहेत. तीन भाषा, तीन नावं, त्याच क्रमाने लावून मोकळं व्हायचा मोह होतो. पण त्या वाक्यात ‘अनुक्रमे’ हा शब्द नाही. भाषांतराच्या फायलींच्या डोक्यावर शेवटच्या भाषांतरकाराचं नाव लिहायला जागा असते, ती बघितल्याशिवाय मी काही प्रमाणित करणार नाही.