कार्बोरेटर उघडायच्या आधी

मी स्वतः खोललेला पहिला कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, मारुती 800 चा. 1994 चं मॉडेल, मालक निवृत्त शिक्षक, गाडी दीड महिना अंगणात उभी. आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड संपवून मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका गॅरेजात नुकताच लागलो होतो. कार्बोरेटरची आकृती डोळे मिटून काढायचो. सेल्फ फिरतोय, गाडी पकडत नाही, म्हणजे जेटमध्ये, पेट्रोलच्या बारीक भोकात, कचरा, असं परस्पर ठरवलं आणि पाने लावले. तीन तास गेले. ॲक्सिलरेटर पंपाखालची ज्वारीच्या दाण्याएवढी स्टीलची गोळी घरंगळत गटारात गेली, ती भंगारातल्या दुसऱ्या कार्बोरेटरमधून काढून आणली. सगळं जोडलं. गाडी तशीच ढिम्म.

वस्ताद जेवून आले आणि एवढंच विचारलं, "पेट्रोल कुठपर्यंत आलंय?"

मला सांगता येईना. जुन्या गाडीचं पेट्रोलचं काम शिकायला येणाऱ्या पोरांना मी आता तोच प्रश्न विचारतो.

पण त्याच्याही आधी मालकाशी बोला. "चालू होत नाही" म्हणजे सेल्फच फिरत नाही की फिरूनही पकडत नाही? फिरतच नसेल तर बॅटरी-स्टार्टर बघा, पेट्रोलच्या वाटेला जाऊ नका. गाडी चालता चालता बंद पडली असेल तर कशी पडली ते विचारा. बटण दाबल्यासारखी एकदम गेली तर बहुतेक वेळा करंट. गचके देत, मिस मारत, चढाला दम तोडत गेली तर पेट्रोलचा संशय घ्यायचा. मग एक स्पार्क प्लग काढून बॉडीला टेकवा, सेल्फ मारा, ठिणगी बघा. हे पेट्रोलच्या नळ्या सोडायच्या आधी उरकायचं, नंतर नाही.

ठिणगी आहे, आणि प्लग कोरडा, म्हणजे पेट्रोल पोचत नाही. आता एअर फिल्टरचं झाकण काढा, कार्बोरेटरच्या घशात बघा आणि इंजिन बंद ठेवून हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरची झडप) एकदा झटक्यात ओढा. बारीक पिचकारी उडाली तर फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची जागा) पेट्रोल आहे, बिघाड पुढे शोधायचा. मारुतीच्या कार्बोरेटरला आयडलचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी पेट्रोलची झडप, असतो, चावी फिरवली की त्याचा 'टक्' आवाज येतो. त्याची निघालेली वायर न बघता अख्खा कार्बोरेटर खोललेले मेकॅनिक मी पाहिलेत. (मीही त्यातलाच, म्हणा.)

पिचकारी नाही? मग मागे सरका. आधी कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. एसी पंपाकडून (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप) कार्बोरेटरला येणारा पाइप सोडून बाटलीत धरा आणि मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. हा पंप इंजिनच्या कॅमवर चालतो, त्यामुळे इंजिन फिरेल तेव्हाच तो ओढणार. ठेक्यात पिचकाऱ्या पडायला हव्यात. गाडी महिनाभर उभी असेल तर पहिले काही सेकंद काहीच येत नाही, म्हणून दहा सेकंद सेल्फ, अर्धा मिनिट विश्रांती, असं दोन-तीनदा करा. नाहीतर स्टार्टर जाळाल.

सरांच्या गाडीत थेंब आला नाही. मी लगेच म्हणालो, पंप गेला. वस्तादांनी आधी डिपस्टिक ओढून माझ्या नाकाशी धरली. पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला की पेट्रोल ऑइलमध्ये उतरू शकतं. ऑइलची पातळी वाढते आणि वास लपत नाही. वास नव्हता. मग त्यांनी टाकीकडून येणारा पाइप पंपावरून काढला, तिथे हातभर नळी लावली आणि तिचं टोक पेट्रोलच्या बाटलीत बुडवलं. सेल्फ मारला, पिचकाऱ्या सुरू. कार्बोरेटरचा पाइप जोडला, कॉइलची वायर लावली, आणि तिसऱ्या सेल्फला गाडी चालू! पंप ठीक, कार्बोरेटर ठीक. बिघाड टाकी आणि पंपाच्या मधे, जिकडे मी फिरकलोही नव्हतो.

मागे टाकीजवळ लोखंडी नळीला जोडणारा रबरी तुकडा असतो. तो बोटांनी वाकवला तेव्हा भेग दिसली, नखाएवढी. खाली डाग नाही की वास नाही, कारण ही बाजू ओढीवर असते. पंप ओढतो तेव्हा भेगेतून पेट्रोल बाहेर पडण्याऐवजी हवा आत शिरते. पंपाच्या पुढची नळी चिरली तर मात्र पेट्रोल बाहेर उडतं. एवढा फरक समजला की निम्मं काम झालं. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलंच नाही. त्यामुळे जुनी नळी दिसली की मी ती बदलूनच टाकतो. त्याच वाटेवर फिल्टर तपासा आणि टाकीचं झाकणही. झाकणाची हवेची वाट बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पंपाचं काही चालत नाही. झाकण उघडताना 'फुस्स' झालं की समजा.

प्लग ओले निघाले तर गोष्ट उलटी: गाडी ओव्हर झालीय, आत पेट्रोल जास्त झालंय. वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई अडकली असेल किंवा फ्लोट फुटून बुडाला असेल. पायडल पंप करू नका, प्रत्येक दाबाला आणखी पेट्रोल आत जातं. तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा. सेल्फ फिरत असताना घशात वरून पेट्रोल मात्र ओतू नका. बॅकफायर झाला तर ज्वाळा तोंडावर येते. माझ्या डाव्या भुवईवर त्याची खूण आहे.

2000 च्या आसपास एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी पद्धत) आल्यावर पंप विजेवरचा झाला. चावी ऑन केल्यावर मागून दोनेक सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप. या लाइनीत दाब असतो, तो उतरवल्याशिवाय नळी सोडायची नाही.

सरांच्या गाडीनंतर पुढच्याच महिन्यात एक प्रीमियर पद्मिनी आली. मी शहाण्यासारखा ठिणगी, पिचकारी, बाटली सगळं क्रमाने केलं. बाटलीला नळी लावली, गाडी चालू. भेग शोधत दीड तास गाडीखाली लोळलो. काटा तर पाव टाकी दाखवत होता. वस्तादांनी गाडीला कमरेने एक धक्का दिला, टाकीकडे कान केला आणि कोपऱ्यातला रिकामा कॅन पायाने माझ्याकडे सरकवला.